वादकांच्या संस्थेचा ताळेबंद वाचताना: हे पैसे नक्की कोणाचे?

वार्षिक सर्वसाधारण सभेचा एक ठरलेला ठेका असतो. मागच्या सभेचे इतिवृत्त ‘वाचले असे समजून’ कायम होते, हिशेबपत्रके सूचक-अनुमोदकाच्या दोन नावांवर दोन मिनिटांत मंजूर होतात आणि मग वार्षिक मैफलीत कोणाला आधी बसवायचे यावर तासभर खडाजंगी चालते. अर्ध्या मात्रेसाठी हमरीतुमरीवर येणारी माणसे ताळेबंदाच्या पानावर आली की ‘चला, पुढचा विषय घ्या’ म्हणतात. मी काही वर्षे अशाच एका संस्थेच्या वह्या सांभाळल्या आहेत. ती दोन मिनिटे खजिनदाराला किती सुखाची वाटतात ते मला ठाऊक आहे, आणि ती त्याला इतकी सुखाची वाटू नयेत असे माझे मत आहे.

हिशेब अवघड वाटतो तो गणितामुळे नाही. बेरीज, वजाबाकी आणि थोडे टक्के यापलीकडे त्यात काही नसते. घोळ होतो तो वेगळ्याच कारणाने: एकाच छापील पानावर तीन वेगवेगळ्या मालकांचे पैसे शेजारी शेजारी बसलेले असतात. पहिले पैसे संस्थेचे स्वतःचे, म्हणजे वर्गणी, सभागृहाचे भाडे, ठेवीवरचे व्याज. दुसरे कोणीतरी एका ठरावीक कारणासाठी दिलेले: आजारी वादकांसाठी मदत निधी, एखाद्याच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती, मृत्युपत्रातून आलेली देणगी. आणि तिसरे पैसे संस्थेचे नसतातच. ते रेकॉर्डिंगचे किंवा प्रसारणाचे मानधन असते आणि संस्थेच्या हातातून फक्त पुढे जायचे असते. कोणताही आकडा दिसला की तो या तीन गाडग्यांपैकी कोणत्यातला, एवढे विचारत गेले की अर्धा ताळेबंद उलगडतो.

यातले सगळ्यात जुने गाडगे दुसरे. १७३८ साली लंडनमध्ये किच नावाचा ओबोवादक मरण पावला. एके काळी चांगला चालणारा कलावंत, पण मागे दमडीही उरली नव्हती. त्याची मुले रस्त्यावरून दुधाची गाढवे हाकत चाललेली काही वादकांना दिसली. त्यांनी वर्गणी काढली आणि मग विचार केला, की असे दरवेळी कोणी मेल्यावर टोपी फिरवत किती दिवस बसायचे? त्यातून हलाखीतल्या वादकांसाठी कायमचा निधी उभा राहिला. संस्थापक सभासदांत प्रसिद्ध संगीतरचनाकार हँडेल होता, आणि त्याने मृत्युपत्रात या निधीला १,००० पौंड ठेवले. पुढे १७९० मध्ये संस्थेला राजसनद मिळाली. रॉयल सोसायटी ऑफ म्युझिशियन्स या नावाने ती आजही चालू आहे.

हँडेलचे ते हजार पौंड हिशेबाच्या भाषेत ‘हेतुबद्ध’. म्हणजे त्या पैशांतून कचेरीचा पंखा घ्यायचा नाही, अध्यक्षांचा प्रवासखर्च द्यायचा नाही, आणि वर्ष तोट्यात गेले म्हणून तो तोटाही त्यातून भरायचा नाही. मूळ रक्कम बहुधा गुंतवून ठेवायची आणि मदत व्याजातून करायची. गोम आहे ती व्याजात. मूळ निधी सगळे डोळ्यांत तेल घालून जपतात. व्याज मात्र बँकेच्या पासबुकात इतर व्याजासोबत येऊन पडते आणि ‘व्याज’ या एका गुबगुबीत ओळीत विरघळून जाते. या ओळीचा एक किस्सा आहे, तो शेवटी सांगतो.

पहिले गाडगे, म्हणजे वर्गणीवर चालणारी संघटना, उशिरा आली. ब्रिटनमध्ये इनकॉर्पोरेटेड सोसायटी ऑफ म्युझिशियन्स १८८२ मध्ये निघाली. जोसेफ विल्यम्स या क्लॅरिनेटवादकाने मँचेस्टरमध्ये १८९३ साली वादकांची संघटना बांधली, तीच आजच्या म्युझिशियन्स युनियनचे मूळ. अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स १८९६ ची. या संस्था दान करायला निघाल्या नव्हत्या. दर ठरवणे, करार तपासणे, बुडवलेले मानधन वसूल करणे, प्रसंगी कोर्टात जाणे हे त्यांचे काम. त्यासाठी वकील लागतो, कचेरी लागते, फोन उचलणारा माणूस लागतो. अशा संस्थेच्या खर्चात पगार हा मोठा आकडा दिसला की सभेत कुजबुज सुरू होते. पण सल्ला आणि भांडण हाच तिचा माल आहे आणि तो माणसेच तयार करतात. वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात लाकडावर खर्च का झाला असे आपण विचारत नाही. विचारायचेच असेल तर असे विचारावे: किती सभासदांनी मदत मागितली, किती प्रकरणे निकाली निघाली, किती मानधन वसूल झाले? हे आकडे ताळेबंदात नसतात, चिटणिसांच्या अहवालात असतात. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. कामे घटली आणि पगार वाढले तर कुजबुजीला अर्थ आहे.

वर्गणीचे दोन प्रकार, आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. एक ठोक वर्गणी: काम मिळो न मिळो, वर्षाला अमुक भरा. दुसरी कामाच्या मानधनातून टक्क्यांनी कापली जाणारी. अमेरिकेतल्या स्थानिक शाखांत ही पद्धत रुळलेली आहे. मंदी आली की टक्क्यांची वर्गणी त्याच महिन्यात आटते. ठोक वर्गणीचे पाणी उशिरा ओसरते, नूतनीकरणाची तारीख आल्यावर सभासद गळू लागतात तेव्हा. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच: ज्या वर्षी उत्पन्न घटते त्याच वर्षी मदत मागणारे वाढतात. २०२० मध्ये मंच बंद पडले तेव्हा हे सगळ्यांनी अनुभवले. ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनने त्या मार्चमध्ये अडचणीतल्या सभासदांसाठी दहा लाख पौंडांचा निधी जाहीर केला. आयत्या वेळी एवढी रक्कम काढायची तर ती आधीच्या बऱ्या वर्षांत बाजूला टाकलेली असावी लागते.

त्यामुळे ‘एवढी शिल्लक पडून आहे, मग वर्गणी कमी का नाही करत?’ या प्रश्नाला एक हिशेबी उत्तर आहे. राखीव निधीला महिन्याच्या सरासरी खर्चाने भागा. उत्तर आले तीन, तर उद्या सगळी आवक थांबली तरी संस्था तीन महिने तग धरेल. किती महिन्यांची बेगमी असावी यावर कार्यकारिणीचे लेखी धोरण असायला हवे आणि ते अहवालात छापलेले असावे. मात्र भागताना राखीव निधीत दुसऱ्या आणि तिसऱ्या गाडग्यातले पैसे मिसळलेले नाहीत ना, ते पाहा. ती इमारतही सोडा जिच्यात कचेरी आहे. भिंती विकून पगार देता येत नाहीत.

आजीव सभासद ही या पहिल्या गाडग्यातली सर्वांत गोड फसवणूक. कोणी मुद्दाम करत नाही, पण होते. समजा वार्षिक वर्गणी १०० आणि आजीव वर्गणी तिच्या बारा पट, १,२००. एका वर्षी उत्साहाची लाट आली, ५० जणांनी आजीव वर्गणी भरली. जमा झाले ६०,०००. खजिनदाराने सगळे त्या वर्षीच्या उत्पन्नात धरले की संस्था दणक्यात नफ्यात, टाळ्या, अभिनंदनाचा ठराव. खरे पाहता बारा वर्षे धरून चालले तर त्या वर्षाच्या वाट्याचे फक्त ५,०००. उरलेले ५५,००० हे पुढच्या अकरा वर्षांच्या सेवेपोटी आगाऊ घेतलेले पैसे आहेत आणि त्यांची जागा ताळेबंदाच्या देणी बाजूला, ‘आजीव सभासद निधी’ या ओळीत. ते तसे ठेवले नाहीत तर सातव्या-आठव्या वर्षी गंमत होते: सभासद तेवढेच, सल्ला मागणारे तेवढेच, अंक तेवढ्याच घरी जातो, आणि वर्गणी मात्र कोणाकडूनच येणे नाही. शिवाय कलावंत मंडळी दीर्घायुषी असली तर बाराव्या वर्षानंतरही सेवा चालूच. संस्थेने त्याबद्दल कुरकुर करणे शोभत नाही, तरी हिशेबात ते धरायला हवे.

आता तिसरे गाडगे. १८४७ मध्ये पॅरिसमधल्या एका कॅफेत एर्नेस्ट बूर्जे नावाचा गीतकार बसला होता. तिथे त्याचीच रचना वाजत होती. बिल आल्यावर तो म्हणाला, तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाही, मी तुमच्या पेयाचे देणार नाही. प्रकरण कोर्टात गेले, बूर्जे जिंकला, आणि १८५१ मध्ये त्यातून सासेम ही संस्था निघाली. रचना जिथे जिथे वाजेल तिथून पैसे गोळा करायचे आणि ज्याच्या त्याला पोचवायचे, हे तिचे काम. रेकॉर्डिंगवर प्रत्यक्ष वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांनाही प्रसारणाचा मोबदला मिळावा ही कल्पना १९६१ च्या रोम कराराने आंतरराष्ट्रीय पातळीवर मांडली.

हे पैसे वाटायचे कसे, याचा एक स्पष्ट नमुना अमेरिकेतल्या डिजिटल रेडिओचा आहे. तिथल्या कायद्याने ठरवलेल्या मोबदल्यातले ५० टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, ४५ टक्के ज्याचे नाव मुखपृष्ठावर असते त्या कलावंताला, आणि उरलेले ५ टक्के नाव नसलेल्या साथीदारांना. या पाचांतले अडीच वादकांचे, अडीच गायकांचे. पहिल्या दोघांचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो. पण एखाद्या जुन्या गाण्यात तिसरे व्हायोलिन कोणी वाजवले हे शोधायचे तर ध्वनिमुद्रणाच्या दिवशीची हजेरी लागते, आणि ती मिळाली तर सही वाचता येत नाही. म्हणून वाटपाची कामे करणाऱ्या निधीत नेहमीच काही रक्कम ‘हक्कदार सापडले नाहीत’ या सदरात अडकून राहते.

ताळेबंद वाचणाऱ्याने इथे थांबून बघायचे. ही रक्कम देणी बाजूलाच असली पाहिजे. ती बँकेत असते म्हणून श्रीमंती वाटते, पण बँकेतला पैसा आणि आपला पैसा यांत फरक आहे; टपाल्याच्या पिशवीत मनीऑर्डरी असतात म्हणून टपाल्या सावकार होत नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशात हे काटेकोरपणे लिहिले आहे: वाटपाचे पैसे संस्थेच्या स्वतःच्या पैशांपासून हिशेबात वेगळे ठेवायचे, आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत वाटायचे, आणि प्रयत्न करूनही तीन वर्षांत हक्कदार सापडला नाही तरच ती रक्कम ‘अवितरणीय’ धरायची. मग तिचे काय करायचे तेही सर्वसाधारण सभेनेच ठरवायचे. तुमची संस्था असे वाटप करत असेल तर चार आकडे मागा: वर्षभरात किती आले, किती वाटले, हाताळणीसाठी किती कापले आणि जुने किती पडून आहे. जुन्या रकमेची वर्षवार फोड मागितली की खजिनदाराच्या चेहऱ्याचा रंग बघण्यासारखा होतो.

गाडगी मिसळली की काय होते याचा सगळ्यात मोठा धडा अमेरिकेतच मिळाला. अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो. रेकॉर्डमुळे प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांची पोटे मारली जातात, हे त्याचे म्हणणे. १ ऑगस्ट १९४२ पासून त्याने सभासदांना रेकॉर्डिंग करायला मनाई केली. ती कोंडी दोन वर्षांहून अधिक चालली. १९४३ मध्ये डेक्का आणि १९४४ च्या नोव्हेंबरात आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया या बड्या कंपन्या नमल्या. ठरले असे, की विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डमागे कंपन्या ठरावीक रक्कम देतील, ती एका निधीत जाईल आणि त्यातून बेकार वादकांना काम मिळेल. निधी संघटनेच्या ताब्यात. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने याला हरकत घेतली: मालकांनी दिलेले पैसे संघटनेने एकटीने हाताळायचे नाहीत. पेट्रिलोने १९४८ मध्ये पुन्हा बंदी घातली. त्या वर्षाच्या अखेरीस तोडगा निघाला तो स्वतंत्र विश्वस्ताचा. म्युझिक परफॉर्मन्स ट्रस्ट फंड वेगळा झाला आणि त्यातून लोकांसाठी मोफत कार्यक्रम होऊ लागले, वाजवणाऱ्यांना मानधन देऊन.

इथवर कथा गोड आहे. पण हा पैसा कोणाच्या घामाचा? मुख्यतः लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्यांच्या. जायचा कुठे? देशभरातल्या वादकांकडे, ज्यांतल्या कित्येकांनी कधी स्टुडिओ पाहिलाही नव्हता. पन्नाशीच्या दशकात तर मिळालेली वाढही वादकांच्या हातात न पडता निधीत वळती होऊ लागली. तेव्हा लॉस एंजेलिसच्या ४७ क्रमांकाच्या शाखेत सेसिल रीडच्या पुढाकाराने बंड झाले. १९५८ मध्ये बंडखोरांनी स्वतंत्र संघटना काढली, आणि १९६१ मध्ये तडजोड होऊन ती परत आली. तोवर पेट्रिलो अध्यक्षपदावरून गेला होता. मला यात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. ज्याने वाजवले त्याचा हक्क खरा, आणि ज्याचे काम यंत्राने हिरावले त्याची भूकही खरी. चूक झाली ती पहिल्या दिवशीच: पैसा कोणाचा, हे ज्यांच्या कामातून तो येणार होता त्यांना कोणी नीट विचारले नाही.

निवृत्तिवेतनाचा निधी हा बहुतेक वेळा चौथाच प्रकार असतो: कायद्याने पूर्ण वेगळा, स्वतःचे विश्वस्त, स्वतःचा ताळेबंद. म्हणून संघटनेच्या हिशेबात सगळे आलबेल दिसते आणि सभासदाचे म्हातारपण मात्र धोक्यात असते, असे होऊ शकते. अमेरिकन वादकांच्या निवृत्तिनिधीची अवस्था २०१९ मध्ये अधिकृतपणे ‘गंभीर आणि घसरती’ ठरली. निवृत्तिवेतन कमी करण्याची परवानगी मागितली गेली, ती २०२० च्या ऑगस्टमध्ये सरकारने नाकारली, आणि अशा निधींना सरकारी मदतीचे दार उघडणारा कायदा २०२१ मध्ये आला. हे सगळे संघटनेच्या वार्षिक पत्रकात शोधून सापडणार नाही. तो कागद वेगळा मागावा लागतो.

लेखापरीक्षकाच्या सहीबद्दलही गैरसमज फार. त्याने ‘हिशेब खरे व योग्य चित्र दाखवतात’ असे लिहिले म्हणजे पैसे शहाणपणाने खर्च झाले असे नाही. वारेमाप खर्च केलेला असला, पण पावत्या जागेवर असल्या आणि नोंदी बरोबर असल्या, तर तो सही करणारच. त्याच्या अहवालात तीनच शब्द शोधायचे: ‘परंतु’, ‘वगळता’, ‘अधीन राहून’. यांपैकी एखादा सापडला तर त्याच्या पुढचे वाक्य दोनदा वाचा. नाही सापडला तर थेट टीपांकडे जा. ताळेबंद म्हणजे ख्याल असेल तर टीपा म्हणजे त्याची बंदिश. सगळे बोल तिथेच असतात. पदाधिकाऱ्यांच्या नातलगांशी झालेले व्यवहार, चालू असलेले खटले, हरलो तर द्यावी लागणारी रक्कम, सगळे बारीक टायपात. अमेरिकेत तर मोठ्या संघटनांना कामगार खात्याकडे दरवर्षी पदाधिकाऱ्यांचे पगार नावानिशी कळवावे लागतात आणि ते कोणालाही पाहता येतात. दुसरीकडे असा कायदा नसला तरी सभेत विचारायला कोणाची बंदी नसते.

वाद्यांची ओळ मात्र गमतीसाठी वाचावी. संस्थेचा पियानो दरवर्षी घसाऱ्याने स्वस्त होत जातो ते बरोबरच. पण शंभर वर्षांचे चांगले व्हायोलिनही त्याच टक्क्याने झिजवत आणलेले मी पाहिले आहे, नाममात्र १ या किमतीवर. विमा उतरवताना ती चूक लक्षात आली, तोवर त्यावर कोणीतरी विद्यार्थ्याने सरावही सुरू केला होता.

आणि तो व्याजाचा किस्सा. माझ्या दुसऱ्या वर्षीची सभा. हिशेब मंजूर होण्याच्या बेतात होते, सूचकाचे नाव लिहून झाले होते. मागच्या रांगेतून एक वयस्क चेलोवादक उठले. वर्षानुवर्षे सभेला येत, पण कधी बोलत नसत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “खजिनदारसाहेब, मदत निधीची ठेव पान चारवर दिसते. तिचे व्याज कुठल्या पानावर आहे?”

मी पाने चाळली. पान सहा, सात, टीपा. मग मला आठवले. बँकेने सगळ्या ठेवींचे व्याज एकाच खात्यात जमा केले होते आणि मी ते एकाच ओळीत घातले होते, सर्वसाधारण उत्पन्नात. त्या वर्षी आम्ही थोडी शिल्लक दाखवली होती आणि अध्यक्षांनी भाषणात तिचा उल्लेखही केला होता. मदत निधीचे व्याज त्यातून काढले असते तर शिल्लक उरत नव्हती. तूट येत होती.

“तपासून सांगतो,” मी म्हणालो. ते म्हणाले, “तपासा की. आम्ही बसलोय.”

सभा तहकूब झाली. आम्ही तीन वर्षे मागे जाऊन व्याजाची फोड केली, निधीचे निधीकडे वळते केले आणि पुढच्या महिन्यात तूट दाखवणारे पत्रक घेऊन पुन्हा उभे राहिलो. त्या दिवशी हिशेबाला सव्वा तास लागला. मैफलीत कोणी आधी बसायचे हा विषय वेळेअभावी कार्यकारिणीवर सोपवावा लागला.